प्रश्न तुमचे: हृदयाचा खर्च आणि हृदयाची ऊब

गेल्या अंकातल्या लेखात दोन विधानं होती. माणसाचं हृदय दिवसाला सहा किलोच्या आसपास एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरतं, आणि त्या खर्चाचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

पुस्तकात हृदयाची कार्यक्षमता २० ते २५ टक्के दिली आहे. दाब गुणिले आकारमान असं गणित करून मला १४ टक्केच मिळतात. माझं काय चुकलं?
*बी.एस्सी. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा*

काहीही चुकलेलं नाही. गणित पुन्हा मांडू, म्हणजे फरक कुठे पडतो ते दिसेल. विश्रांतीत मिनिटाला ५ लिटर रक्त, महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, सरासरी दाब १०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. सेकंदाला ८३ मिलिलिटर रक्त या दाबाने ढकलायचं तर डाव्या जवनिकेची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) शक्ती होते १.१ वॉट. फुप्फुसाच्या बाजूला दाब १५च्या आसपास असतो, म्हणून उजव्या जवनिकेचे जेमतेम ०.२. एकूण १.३ वॉट.

आता खर्च. १०० ग्रॅम हृदयस्नायू मिनिटाला ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो. ३०० ग्रॅमच्या हृदयाला २७ मिलिलिटर धरा. एक मिलिलिटर ऑक्सिजनमागे साधारण २० ज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे मिनिटाला ५४० ज्यूल, अर्थात ९ वॉट. १.३ भागिले ९, तुमचे १४ टक्के.

पुस्तकातला मोठा आकडा दोन वाटांनी येतो. पहिली वाट वजाबाकीची. हृदय न धडधडताही पेशी जिवंत ठेवायला जो खर्च लागतो तो आधी काढून टाकायचा आणि उरलेल्याशी काम ताडून पाहायचं. तेवढ्यानेच १४चे १८ होतात. दुसरी वाट व्यायामाची. धावताना रक्तप्रवाह तिप्पट-चौपट होतो, पण सरासरी दाब त्या मानाने थोडाच चढतो. काम प्रवाहाबरोबर वाढतं, खर्च तितका वाढत नाही, आणि टक्केवारी वर जाते. तेव्हा 'हृदयाची कार्यक्षमता अमुक टक्के' असं वाक्य वाचलं की कोणत्या अवस्थेतली आणि कशाने भागलेली हे आधी विचारा. ते दिलं नसेल तर आकडा निरर्थक आहे.

खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती १९१५पासून माहीत आहे. इव्हान्स आणि मात्सुओका यांनी लंडनमध्ये स्टार्लिंगच्या हृदय-फुप्फुस पद्धतीवर (प्राण्याचं हृदय आणि फुप्फुसं बाकीच्या शरीरापासून तोडून चालू ठेवण्याची रीत) दाब आणि प्रवाह वेगवेगळे वाढवून पाहिले. काम कागदावर सारखंच वाढलं, तरी दाब वाढवल्यावर ऑक्सिजनचा खर्च बराच चढला आणि प्रवाह वाढवल्यावर त्या मानाने थोडाच. कारण हृदय पैसे मोजतं ते ताण धरून ठेवण्याचे. भरलेली घागर हात लांब करून नुसती धरली तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने काम शून्य, पण हात भरून येतो. स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाची डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि प्रत्येक फेरीला एक एटीपी जातो, मग रक्त पुढे सरको वा न सरको.

जपानच्या हिरोयुकी सुगा यांनी १९७०च्या दशकात याला नीट माप दिलं. दाब-आकारमानाच्या आलेखात एका ठोक्याच्या फासाचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्यात स्नायूत ताणाच्या रूपाने साठून राहिलेल्या ऊर्जेचा त्रिकोण मिळवायचा. या बेरजेशी ऑक्सिजनचा खर्च सरळ रेषेत जातो. बाहेरच्या कामाशी इतका सरळ जात नाही.

जाता जाता जिराफाचं उदाहरण. डोकं उंच, म्हणून महारोहिणीत दाब आपल्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. तरी त्याचं हृदय शरीराच्या मानाने इतर सस्तन प्राण्यांइतकंच, वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. डाव्या जवनिकेची भिंत जाड आणि आतली पोकळी लहान. दाब जास्त असूनही भिंतीच्या प्रत्येक तंतूवर येणारा ताण त्यामुळे बेताचा राहतो. किंमत म्हणून एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं.

हृदय शरीर गरम ठेवतं का?
*तीन पत्रं*

थोडंसं. विश्रांतीत माणूस ८०-९० वॉट उष्णता टाकतो, त्यात हृदयाचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. अर्ध्या टक्का वजनाच्या अवयवासाठी तो मोठाच म्हणायचा. बाकीची उष्णता यकृत, मेंदू, स्नायू आणि मूत्रपिंडांची. गंमत अशी की हृदयाने रक्त उपसण्याचं जे काम केलं तेही शेवटी रक्तवाहिन्यांतल्या घर्षणाने उष्णताच होतं. तेव्हा ते १.३ वॉटही शरीरातच जिरतात.

रक्त फुप्फुसात गरम होतं असं एकेकाळी मानत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्लोद बर्नार यांनी प्राण्यांच्या हृदयाच्या दोन्ही बाजूंत तापमापक घालून पाहिलं, तर फुप्फुसात जाण्याआधीचं उजव्या बाजूचं रक्तच किंचित गरम निघालं. उष्णता सगळ्या ऊतींमध्ये तयार होते, हे त्यातून पटलं.

एका ठोक्यात हृदयस्नायू किती तापतो? आणि इतकी बारीक उष्णता मोजतात कशी?
*भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, मडगाव*

वरच्याच आकड्यांवरून काढू. ३०० ग्रॅमला ९ वॉट म्हणजे ग्रॅममागे ३० मिलिवॉट. मिनिटाला ७० ठोके धरले तर एका ठोक्याला ग्रॅममागे सुमारे २६ मिलिज्यूल. स्नायूची विशिष्ट उष्णता ३.७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरा. सगळी उष्णता जागीच राहिली तरी एका ठोक्यात वाढ ०.००७ अंश. मात्र ती कोणीच वाहून नेली नाही तर हृदय मिनिटाला ०.४ अंशाहून जास्त तापेल. ती बहुतांशी हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतलं, म्हणजे हृद्‌रोहिण्यांतलं रक्त नेतं, म्हणून हृदयाच्या शिरेतलं रक्त धमनीतल्या रक्तापेक्षा अंशाच्या काही दशांशाने गरम असतं. उरलेली उष्णता आतल्या पोकळीतल्या रक्तात आणि बाहेर फुप्फुसाकडे झिरपते.

मोजण्याची पद्धत ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या मांडीच्या स्नायूवर घडवली. १९२२चं नोबेल त्यांना स्नायूतल्या उष्णतेच्या कामासाठीच मिळालं. दोन धातूंच्या तारांचे जोड एकापुढे एक लावलेली पट्टी म्हणजे थर्मोपाइल. जोडांची एक रांग स्नायूखाली, दुसरी स्थिर तापमानाला. तांबं-कॉन्स्टंटनच्या एका जोडीला अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. अशा २० जोड्या लावल्या तरी हजारांश अंशाच्या वाढीला मायक्रोव्होल्टही पुरता मिळत नाही. म्हणून ही पद्धत हात बसलेल्याच माणसाला साधते.

चुका कुठे होतात ते सांगण्यासारखं आहे. मोजमापाच्या वेळी स्नायूभोवतीचं द्रावण काढून घ्यावं लागतं, आणि स्नायूवर ओल उरली की ती वाळताना स्नायू गार होतो. आकुंचनात स्नायू पट्टीवर सरकला की दुसऱ्याच तापमानाचा भाग जोडांवर येतो आणि 'उष्णता' दिसते. स्नायूला दिलेला विजेचा झटका स्वतः उष्णता सोडतो, तो वेगळा मोजून वजा करायचा. आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट जाडी. रक्त नसलेल्या स्नायूत ऑक्सिजन बाहेरून झिरपून आत जातो. तुकडा जाड असेल तर गाभा गुदमरतो, आणि आपण अर्धमेल्या स्नायूची उष्णता मोजून तिला निरोगी म्हणतो. म्हणून असे प्रयोग बरेचदा ३७ अंशांवर न करता २७ अंशांच्या आसपास करतात. गारव्यात ऑक्सिजनची मागणी घटते.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात कॉलिन गिब्स यांनी सशाच्या हृदयातले पॅपिलरी स्नायू, म्हणजे झडपांच्या दोऱ्या धरणारे स्नायू, थर्मोपाइलवर ठेवून हृदयाच्या उष्णतेचे हिशेब मांडले. तीन कप्पे केले. पहिला मूळ खर्च, दुसरा आकुंचन सुरू करणारं कॅल्शिअम परत पेशीच्या कोठारात भरण्याचा, तिसरा ताणाचा. दुसरा वेगळा काढायला स्नायूची लांबी कमी करत नेतात. ताण शून्याकडे जातो, पण उष्णता शून्यावर येत नाही. जे उरतं ते पंपांचं. कॅल्शिअमच्या पंपाला दोन आयनांमागे एक एटीपी लागतो, आणि प्रत्येक ठोक्याला ही भरती चुकत नाही. पूर्ण ताण धरणाऱ्या हृदयात एटीपीचा ६० ते ७० टक्के भाग मायोसिनकडे जातो, उरलेल्यातला मोठा हिस्सा पंपांकडे.

ऑकलंडमध्ये अलीकडे दुसरी रीत बसवली आहे. पाव मिलिमीटर जाडीचा स्नायूतंतूंचा जुडगा बारीक नळीत ठेवायचा, त्यावरून ऑक्सिजनयुक्त द्रावण वाहू द्यायचं, आणि जुडग्याच्या आधीचं व नंतरचं तापमान मोजायचं. हाती लागते काही मायक्रोवॉट उष्णता. गुदमरण्याची अडचण यात बरीच सुटते.

उंदराचं हृदय लँगेनडॉर्फ पद्धतीने बसवतो. सुरुवातीला छान धडधडतं, पण १५ मिनिटांत दाब उतरतो. द्रावणही कधीकधी दुधाळ दिसतं. ऑक्सिजनचा खर्च मोजायचा आहे, पण आकडे रोज वेगळे येतात.
*औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, नाशिक*

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी एक ओळ: हृदय काढून महारोहिणीत नळी बांधतात आणि उलट दिशेने पोषक द्रावण सोडतात. झडप मिटते, द्रावण हृद्‌रोहिण्यांत शिरतं आणि हृदय तासन्‌तास धडधडू शकतं. लँगेनडॉर्फ यांनी हे १८९५ साली दाखवलं. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी तुमच्याकडे असेलच.

दुधाळपणा हा तुमचा पहिला आणि बहुधा मुख्य दोष. कॅल्शिअम आधी घातलं गेलंय. क्रेब्स-हेन्सेलाइट या पोषक द्रावणात बायकार्बोनेट आणि फॉस्फेट दोन्ही असतात. कार्बन डायऑक्साइड सोडण्याआधी द्रावण अल्कली असतं आणि त्यात कॅल्शिअम साक्याच्या रूपाने खाली बसतं. ते बारीक कण केशवाहिन्यांत अडकतात, आणि जे कॅल्शिअम बसलं ते हृदयाला मिळत नाही. एका लिटरला मीठ ६.९ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशिअम सल्फेट सात पाण्याचं ०.२९, पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडिअम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.० ग्रॅम. हे विरघळवा, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण १५ मिनिटं सोडा, सामू ७.४ आला का पाहा. मगच कॅल्शिअम क्लोराइडचं एक मोलर द्रावण १.८ मिलिलिटर, ढवळत, थेंबथेंब. मूळ कृतीत कॅल्शिअम २.५ मिलिमोल आहे, पण रक्तातलं मोकळं कॅल्शिअम १.२च्या आसपास असतं, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा कमी वापरतात. शेवटी ५ मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक गाळणीतून गाळा. भांडी व नळ्या रोज उकळत्या पाण्याने धुवा. रात्रभर राहिलेल्या ग्लुकोजवर जंतू वाढतात.

पंधरा मिनिटांत दाब उतरण्याची इतर कारणं या क्रमाने तपासा. हृदय कापल्यापासून नळी बांधेपर्यंत तीन मिनिटांहून जास्त लागतात का? उंदराला हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं होतं का? नळीचं टोक फार खोल जाऊन हृद्‌रोहिण्यांची तोंडं तर झाकत नाही? नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता का? बुडबुडा शिरला की भिंतीचा एखादा पट्टा फिकट पडतो. डोळ्यांनी दिसतं, पाहत जा. तापमान टाकीत न मोजता नळीच्या टोकाशी मोजा. टाकीत ३७ असलं तरी वाटेत दोन अंश सहज उतरतात.

आता ऑक्सिजन. ३७ अंशांवर या द्रावणात जास्तीत जास्त ०.९५ मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो, १०० मिलिलिटरला सुमारे २ मिलिलिटर. रक्तात तो २० असतो. म्हणूनच एक ग्रॅमच्या हृदयाला मिनिटाला १० मिलिलिटर द्रावण लागतं. साध्या सिलिकॉन नळीच्या भिंतीतून ऑक्सिजन गळतो, म्हणून नळी आखूड ठेवा आणि 'आत जाणारा' नमुना टाकीऐवजी नळीजवळून घ्या. बाहेर येणारा नमुना फुप्फुसरोहिणीत बारीक नळी घालून घ्या. खाली ठिबकणारं द्रावण हवेशी ऑक्सिजनची देवघेव करतं, आणि तुमचे आकडे रोज बदलतात ते बहुधा इथेच. आत ०.९५, बाहेर ०.४५, प्रवाह १० मिलिलिटर: खर्च मिनिटाला ५ मायक्रोमोल. मायक्रोमोलला ०.४५ ज्यूल धरले तर सव्वादोन ज्यूल मिनिटाला.

आणि हे सव्वादोन ज्यूल जातात कुठे? तुम्ही डाव्या जवनिकेत फुगा ठेवून दाब मोजता. फुग्याचं आकारमान बदलत नाही, म्हणजे जवनिका बाहेरचं काम शून्य करते. सगळा खर्च उष्णता. साताऱ्याच्या वाचक विद्यार्थिनीने हे वाक्य पुन्हा वाचावं. फुग्यातला शिथिलावस्थेतला दाब मात्र ५ ते १० मिलिमीटर पारा एवढाच, आणि रोज तोच ठेवा. फुगा जास्त फुगवला तर ताण वाढतो आणि खर्चही.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवतात. थांबल्यावर खर्च शून्य होतो का?
*वाचक, पुणे*

होत नाही. कुत्र्याच्या हृदयावर जेराल्ड बकबर्ग व सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात मोजलेले आकडे आजही शिकवतात. १०० ग्रॅमला मिनिटाला, ३७ अंशांवर: भरलेलं, काम करणारं हृदय सुमारे १० मिलिलिटर ऑक्सिजन, रिकामं पण धडधडणारं ५.५, फडफडणारं (तंतू बेताल थरथरत असलेलं) ६.५, पोटॅशिअमने थांबवलेलं १.१. थांबवून २२ अंशांपर्यंत गार केलेलं ०.३.

हे आकडे नीट पाहा. फडफडणारं हृदय काहीच उपसत नाही, तरी रिकाम्या धडधडणाऱ्या हृदयापेक्षा जास्त खातं. ९० टक्क्यांच्या जवळपास बचत थांबवण्याने होते, थंडीने नंतरची. म्हणून आधी पोटॅशिअमचं द्रावण देऊन ठोके झटपट बंद करतात. गार होईपर्यंत धडधडत ठेवलं तर तेवढ्यात साठा संपतो. आणि साठा आहे तरी किती? ३०० ग्रॅमच्या हृदयात कोणत्याही क्षणी एटीपी ग्रॅमभरसुद्धा नसतो. क्रिएटिन फॉस्फेटची, म्हणजे एटीपी झटपट पुन्हा भरून देणाऱ्या संयुगाची, शिल्लक रेणूंच्या संख्येत त्याच्या दुपटीच्या आसपास. पुरवठा तुटला की हे काही ठोक्यांतच उतरू लागतं.

थंड पाण्यातल्या माशांचं हृदय गरम असतं का?
*मत्स्यविज्ञानाचा विद्यार्थी, रत्नागिरी*

ट्यूना, म्हणजे तुमच्याकडचा कुपा, पोहण्याचे स्नायू पाण्यापेक्षा गरम ठेवतो, पण हृदय नाही. हृदयाला मिळणारं रक्त कल्ल्यांतून पाण्याच्या तापमानाला येऊन मिळतं. खोल बुडी मारली की स्नायू ऊबदार आणि हृदय गार, असा प्रकार होतो. ठोके मंदावतात, म्हणून त्याला पुन्हा वर यावं लागतं. ओपा हा मासा याला अपवाद. त्याच्या कल्ल्यांतच धमन्या-शिरांचं जाळं आहे, परत येणाऱ्या गरम रक्ताची ऊब ते तिथेच अडवतं. हृदयही आसपासच्या पाण्यापेक्षा गरम राहतं. ही गोष्ट २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. ऊब येते ती मात्र सतत हलणाऱ्या छातीच्या परांच्या स्नायूंतून, हृदयातून नव्हे.

हिवाळ्याच्या बॅचमध्ये चार-पाच आठवड्यांची चांगली वाढलेली ब्रॉयलर कोंबडी पोटात पाणी होऊन मरतात. डॉक्टर हृदयाचं कारण सांगतात. हृदयाचा थंडीशी काय संबंध?
*कुक्कुटपालक, संगमनेर*

डॉक्टर बरोबर सांगतात. थंडीत पक्षी अंग गरम ठेवायला जास्त ऑक्सिजन वापरतो. भरभर वाढणाऱ्या ब्रॉयलरची मागणी आधीच कमाल पातळीला असते. हृदय जास्त रक्त फुप्फुसात ढकलतं, पण पक्ष्याचं फुप्फुस ताठ असतं, त्यातल्या केशवाहिन्या फुगून वाट देत नाहीत. दाब चढतो. आणि वर पाहिलंच की हृदयाला महाग पडतो तो दाब. उजवी जवनिका जाड होते. पक्ष्यांत उजव्या बाजूची झडप पातळ पडद्याची नसून मांसल असते, जवनिकेच्या भिंतीचाच भाग. भिंत जाडावली की झडपही जाडावते, नीट मिटत नाही, रक्त मागे यकृताकडे तुंबतं, आणि पोटात पाणी उतरतं.

शंका असेल तर मेलेल्या पक्ष्याचं हृदय तपासा. वरचे दोन कप्पे, मोठ्या रक्तवाहिन्या आणि चरबी काढून टाका. मधल्या पडद्याच्या कडेने उजव्या जवनिकेची भिंत झडपेसकट कापून वेगळी करा. ती, आणि उरलेला भाग, दोन्ही टिपून वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. अख्खं हृदयच १० ग्रॅमच्या आसपास, म्हणून सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. उजवी भिंत भागिले दोन्हींची बेरीज: ०.२५च्या खाली असेल तर ठीक, ०.३०च्या वर गेलं तर कारण हेच.

उपाय पहिल्या तीन आठवड्यांतच करायचे, नंतर हाती फार काही नसतं. ब्रूडरखाली पहिल्या दिवसांत ३२-३३ अंश, मग आठवड्याला तीनेक अंश कमी. थंडी म्हणून पडदे गच्च बंद करणं ही नेहमीची चूक. शेगडी आणि पिल्लं मिळून ऑक्सिजन संपवतात, तुसातला अमोनिया फुप्फुस जाळतो, आणि थंडीपासून वाचवलेलं पिल्लू गुदमरण्याने त्याच दुखण्याला लागतं. पडद्याची वरची फट रात्रीही उघडी ठेवा, वारा थेट पिल्लांवर येऊ देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोळी खाद्याऐवजी भरड द्या किंवा खाद्याचे तास कमी करा. वाढ थोडी मागे पडते, बरीचशी पुढे भरून निघते. बोअरचं पाणी मचूळ असेल तर तपासून घ्या, जादा सोडिअमने हे दुखणं वाढतं.